साडेतीन क्विंटलचा ओंडका उचलायचा नाही, मग घरी आणायचा कसा?

प्रश्न: वळवाच्या वादळात आमच्या रानातल्या दोन बाभळी आणि ओढ्याकाठची जुनी चिंच उन्मळून पडली. बाभळी मशीनवाल्याकडून कापून घेतल्या, दीड-दीड फुटाचे २२ ओंडके पडलेत. एकीचा घेर ६ फूट होता, दुसरीचा ५. चिंचेचा बुंधा १० फूट घेराचा, ८ फूट लांब, ओढ्याच्या उतारावर तसाच आडवा आहे. घर रानापासून ४०० मीटर. ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, दोन चाकी ट्रॉली आहे, माणसं म्हणाल तर मी आणि पुतण्या. गेल्या आठवड्यात एक ओंडका दोघांनी उचलायला गेलो तो हातातून सुटून पुतण्याच्या पायावर आला. नख गेलं, बोट वाचलं. आता वेल्डिंगवाला म्हणतो, ट्रॅक्टरच्या मागं क्रेन करून देतो. मित्र म्हणतो, टॉप लिंकच्या जागी साखळी अडकव आणि फरफटत आण. मृगाच्या आत रान मोकळं करायचंय, आणि निम्मं जळतण १२ किलोमीटरवर बहिणीकडं पोचवायचंय, तिच्या घरी दिवाळीनंतर लग्न आहे. काय करावं?
— एक वाचक, निलंगा तालुका

उत्तर:

भाऊ, आधी मित्राच्या सल्ल्याचं बघू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. टॉप लिंक म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं अवजाराला वरून धरणारा दांडा; त्याच्या जागी साखळी बांधून काहीही ओढू नका. ट्रॅक्टरला टोचन लावायची जागा एकच, खालचा ड्रॉबार. तो मागच्या आसाच्या खाली असतो, त्यामुळे ओढ बसली तरी पुढची चाकं जमीन सोडत नाहीत. तीच ओढ आसाच्या वर बसली, की इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्यात जातो. ओंडका ढेकळात किंवा मुळीत अडकला आणि क्लच झटक्यात सुटला, तर ट्रॅक्टर मागं उलटून चालकाच्या अंगावर येतो. हे सगळं सेकंद-दीड सेकंदात होतं, पाय क्लचपर्यंतसुद्धा पोचत नाही. टॉप लिंकखालचे, अवजार उचलणारे दोन हात वर घेऊन त्यांना साखळी बांधली तरी धोका तोच, म्हणून तेही नको.

दुसरी गोष्ट वजनाची. पुतण्याच्या हातून ओंडका सुटला यात त्याची काही चूक नाही. वजनाचा अंदाज न घेता हात घातला, एवढंच झालं. ओलं बाभूळ आणि ओली चिंच पाण्याइतकी किंवा पाण्याहून थोडी जड धरायची. मग सुतळीनं घेर मोजला की हिशेब सोपा आहे: घेर फुटात, घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, गुणिले २.३, म्हणजे किलो. तुमच्या ६ फुटी बाभळीचा दीड फुटाचा ओंडका ३६ × १.५ × २.३, म्हणजे १२५ किलोच्या घरात जातो. ५ फुटीचा ८५ च्या पुढं. डीएपीची गोणी ५० किलोची असते. म्हणजे दोघं मिळून अडीच गोण्या एकदम उचलत होता, आणि त्याही गोल, सालीवरून निसटणाऱ्या, धरायला कान नसलेल्या. चिंचेचा दीड फुटाचा तुकडा काढला तर तो ३४५ किलो, साडेतीन क्विंटल. अख्खा ८ फुटी बुंधा १८ क्विंटलच्या वर.

त्यामुळे उचलणं हा शब्दच या कामातून काढून टाका. ओंडका लोळवायचा, नाहीतर आहे तिथंच फोडून लहान करायचा. जे काही उचलायचं ते ट्रॅक्टर उचलेल.

आता वेल्डिंगवाल्याच्या क्रेनचं. क्रेन वाईट नाही, पण तुमच्या कामाची नाही. रिकाम्या ४५ एचपी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर साधारण ७०० ते ८०० किलो भार असतो. मागं ५ फूट लांब दांडीच्या टोकाला ३५० किलो टांगले, तर पुढचा भार ४०० किलोनं हलका होतो. दांडीचं स्वतःचं वजन वेगळंच. स्टिअरिंग हलकं पडतं, आणि टांगलेला ओंडका भेगाळलेल्या काळ्या रानात प्रत्येक खड्ड्याला झोके खातो. शिवाय प्रत्येक ओंडक्याला पट्टा घाला, उचला, उतरवा, सोडा, असं २२ वेळा करत बसायचं.

त्याच वेल्डिंगवाल्याकडून त्याहून स्वस्तात दुसरी वस्तू करून घ्या: मोगड्यासारखा (ट्रॅक्टरमागच्या मशागतीच्या अवजारासारखा) तीन पिनांवर बसणारा, खाली सोडला की जमिनीला टेकणारा लोखंडी पाट. ५ फूट रुंद, अडीच फूट खोल. बाहेरची चौकट ६५ × ६५ × ६ मिलिमीटरच्या अँगलची, आत फुटाफुटावर ५० चे अँगल, वर ४ मिलिमीटरचा चेकर पत्रा. ट्रॅक्टरकडच्या अंगाला दीड फूट उंचीचे दोन आडवे अँगल, म्हणजे ओंडका लोळत टायरवर किंवा तुमच्या पाठीवर येणार नाही. मागची कड खाली तिरपी करून घासून घ्या, ती जमिनीला चिकटून बसली पाहिजे. ती दोन इंच वर राहिली तर प्रत्येक ओंडका त्या दोन इंचांवर अडेल आणि तुम्ही वेल्डिंगवाल्याला शिव्या द्याल. टॉप लिंकसाठी मधोमध कैचीसारखा उभा सांगाडा, आणि त्याच्या डोक्यापासून पाटाच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत तिरपे ताण. हे ताण नसतील तर भार आला की पाट मागून खाली वाकतो. पिनांची मापं आणि अंतर कागदावरून सांगू नका; तुमचा मोगडा दुकानात न्या आणि त्यावरूनच घ्यायला लावा. ४० ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरला बहुधा श्रेणी दोनच्या पिना असतात, खालच्या २८ मिलिमीटरच्या, पण तुमच्या ट्रॅक्टरवर मोजून खात्री करा.

हा पाट स्वतःच शंभरेक किलो भरेल. त्यावर ३५० किलोच्या वर टाकू नका. म्हणजे मोठे ओंडके असतील तर दोन, लहान असतील तर तीन किंवा चार. भार आसाच्या जवळ आणि खाली असल्यामुळे ट्रॅक्टर ताब्यात राहतो. जमिनीपासून एक फूट उचला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाला, वळताना आणखी सावकाश. बांधावरून जाताना पाट पूर्ण वर उचलायचा मोह होतो. तसं न करता जिथं बांध कमी उंच आहे तिथून वाट करा. उचललेल्या पाटाखाली पाय किंवा हात घालायचा नाही, हायड्रोलिकचा भरवसा नसतो. पुतण्याला पाटावर बसवून आणायचं नाही, तो चालत येईल. तुमचे २२ ओंडके २३ क्विंटलच्या आसपास भरतात. ७ ते ८ खेपांत संपतील. एका खेपेला वीस मिनिटं धरा. उन्हाच्या आत, सकाळी ६ ला सुरू केलं तर एक-दोन सकाळींत काम उरकतं.

आता ओंडका पाटावर चढवायचा कसा? आडवा पडलेला असेल तर काहीच करायचं नाही, तो चाक आहे, लोळवा. कापलेल्या तोंडावर उभा बसला असेल तर आधी कडेवर पाडायचा. इथंच पाठी मोडतात. एका कडेनं उचलायचं म्हटलं तरी निम्मं वजन, ६०-६५ किलो हातावर येतं. ५ फुटी पहार घ्या, टोक कडेखाली घाला, टोकापासून सहा इंचांवर खाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा द्या आणि वरचं टोक दाबा. सात-आठ किलोच्या जोरात ओंडक्याची कड उठते. पुतण्यानं त्या फटीत लाकडाची फोड सरकवायची, तीही लांब काठीनं, बोटांनी नाही. पहार घसरली तर कड खाली येते आणि मध्ये काय आहे ते ती बघत नाही. दोनदा उठवलं की ओंडका तिरपा होतो, मग ढकलून कडेवर येतो.

लोळवण्यासाठी एक हत्यार मात्र जरूर करून घ्या. सव्वा इंची जाड पाइपचा ४ फूट दांडा, खालच्या टोकाला बोथट दात, आणि त्या टोकापासून १० इंचांवर खिळीवर मोकळा झुलणारा एक आकडा. आकडा १६ मिलिमीटरच्या सळईचा, फूटभर लांब, टोक आत वळवून धार दिलेलं. मोंढ्यात हमालांच्या हातात पोत्याला लावायचा आकडा असतो ना, त्याचाच हा दांड्यावरचा मोठा भाऊ. आकडा सालीत रुतला की दांडा तरफेसारखा वापरून सव्वाशे किलोचा ओंडका एकटा माणूस फिरवतो. अडकलेली मशीन सोडवायला आणि ओंडका अर्धा कापल्यावर उलटा करायलाही हेच लागतं.

त्याआधी वाट झाडून घ्या. बाभळीच्या काट्यांचा एक नेम असतो, ते बरोबर टायरखाली येतात. फांद्या आधी एका बाजूला ओढून घ्या, गळालेले काटे दाताळ्यानं गोळा करा. हातगाडी वापरणार असाल तर हवेचं चाक नको, भरीव रबरी चाक घ्या. नाहीतर दिवसभर पंक्चर काढत बसाल. पायात बूट पाहिजेच, चप्पल नाही. ओंडका आठवडाभर पडून असेल तर हात घालण्याआधी पहारेनं हलवा. खाली विंचू असतो, आणि पाऊस झाला की घोणससुद्धा. उतारावर ओंडका लोळवताना खालच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही, आणि थांबवला की लगेच दगडाची उटी लावायची. पायानं अडवायला जाऊ नका.

फोडणं कुठं करायचं, रानात की घरी? बाभळीचं घरी करा, कारण पाटावर ओंडके सहज येतात आणि घरी सावली आहे. चिंचेचं मात्र जागेवरच. त्याची दोन कारणं. एक, बुंधा उतारावर आहे. दुसरं, चिंच कुऱ्हाडीला दाद देत नाही. खाटीक मटण तोडायला चिंचेचा ठोकळा का ठेवतो? वर्षानुवर्षं सुरा पडूनही तो फुटत नाही म्हणून. तिचे धागे एकमेकांत विणलेले असतात. पाचर घातली तर ती रुतून बसते, फट काही पडत नाही, आणि मग ती पाचर काढायला दुसरी पाचर. हा खेळ दिवसभर चालतो.

चिंचेला म्हणून कटर मशीनच. पण त्याआधी एक बघा: झाड मुळासकट उन्मळलंय की बुंधा तुटून वेगळा झालाय? मुळांची ढेप अजून बुंध्याला धरून असेल, तर बुंधा कापताक्षणी ती ढेप परत खड्ड्यात बसते, कधीकधी उभीच राहते. त्या खड्ड्यात किंवा ढेपेमागं कुणीही थांबता कामा नये, पोरंसोरं तर अजिबात नाहीत. ढेपेपासून पहिला काप घ्यायचा तो ४-५ फूट बुंधा तिच्याकडे ठेवून. म्हणजे ती हलली तरी पुढं आलेल्या बुंध्याच्या वजनानं आवरते.

मग बुंध्याचे तुकडे. दीड फुटाचे नाही, सव्वा फुटाचे करा. म्हणजे १५ इंच. त्यात एक हिशेब आहे. बहुतेक भाड्याच्या मशीनला १८ किंवा २० इंची पट्टी (जिच्यावर साखळी फिरते ती) असते. १० फूट घेराच्या चिंचेची जाडी ३८ इंच, त्यामुळे आडवा काप दोन्ही बाजूंनी घ्यावाच लागतो, तेही २० इंची पट्टीला जेमतेम पुरतं. पण उभे चिरे काढायला पट्टी तुकड्याच्या लांबीपेक्षा जास्त असली की काम भराभर होतं. १५ इंची तुकड्यावर २० इंची पट्टी आरामात बसते. उताराच्या वरच्या अंगाला उभं राहूनच कापा आणि प्रत्येक काप पुरा होण्याआधी तुकड्याला खालून दोन उट्या द्या.

सुटलेला तुकडा आडवाच ठेवायचा, सालीवर. त्याला दोन्ही बाजूंनी उटी लावा. मशीनची पट्टी सालीवर लांबीच्या दिशेनं आडवी ठेवा, धाग्यांना समांतर, आणि खाली उतरवत न्या. बरोबर चाललं की भुसा पडत नाही, शेवयांसारखे लांब लांब धागे निघतात. पिठासारखा भुसा येत असेल तर एकतर साखळी बोथट आहे किंवा तुम्ही उभ्या तोंडावरून, धाग्यांना आडवं कापताय. तसं कापलं तर दुप्पट वेळ आणि दुप्पट पेट्रोल जातं. या शेवया साखळीच्या झाकणाखाली गुंडाळून बसतात आणि साखळी गरम होते. प्रत्येक चिऱ्यानंतर मशीन बंद करून त्या काढा. जमीन तीन-चार इंच राहिली की थांबा. काळ्या मातीत साखळी एकदा टेकली की धार गेली, पुन्हा कानस मारत बसावं लागतं. उरलेल्या तीन इंचांसाठी आकड्यानं तुकडा उलटा करा आणि वरून पूर्ण करा. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला लागू देऊ नका, मशीन तिथूनच उसळून तोंडावर येतं. डोळ्याला चष्मा, कानाला बोळे, आणि गळ्यात उपरणं नको.

सव्वा फुटाचा तुकडा २९० किलोच्या आसपास. त्याचे सहा भाग केले की एकेक ४८ किलोचा. एका माणसाला अजूनही जडच, पण दोघांना सोपा, आणि लोळवता येतो.

आता हे भाग ओढ्यातून वर आणायचे. अख्खा बुंधा ट्रॅक्टरनं ओढून वर घेऊ असं कुणी म्हणेल तर हिशेब ऐकवा: कोरड्या जमिनीवर ओढायला वजनाच्या निम्म्याहून जास्त ओढ लागते, चारास एक उतार असेल तर वर आणखी पाव वजन. १८ क्विंटलला दीड टनाच्या आसपास ओढ झाली. दोन टनांच्या ट्रॅक्टरला रानात साधारण टनभर ओढ मिळते, मग चाकं जागेवर फिरतात आणि काळ्या मातीत गुडघाभर खड्डे पडतात. त्यापेक्षा २०० लिटरचा जुना बॅरल उभा चिरून अर्धा घ्या, नाहीतर ४ फूट लांब जाड पत्र्याचं पुढचं टोक वर वळवून घ्या. त्यात बसतील तेवढे, फार तर सहा भाग ठेवा, पुढच्या दोन भोकांत शॅकल (पिनेची लोखंडी कडी), आणि ६० फूट वायररोप थेट ड्रॉबारला. ओढ तीनशे किलोच्या आत, ट्रॅक्टर सहज घेतो. ट्रॅक्टर काठापासून लांब, सपाट जागी आणि दोराच्या सरळ रेषेत चालला पाहिजे. काठावर आडवा उभा करून ओढाल तर तो ओढ्यात जाईल. काठाच्या कडेवर एक गोल फांदी आडवी ठेवा, म्हणजे दोर मातीत रुतत नाही.

सरळ रेषेत जागा नसेल तर काठावरच्या दुसऱ्या झाडाला कप्पी बांधून दोर वळवता येतो. पण एक ध्यानात ठेवा: दोर पूर्ण उलटा वळवला तर त्या झाडावर ओढीच्या दुप्पट भार येतो. म्हणून झाड मांडीएवढं नको, कमरेएवढं तरी हवं, आणि त्याला दोर नाही तर क्रेनचा रुंद पट्टा गुंडाळा. पट्ट्यांचे रंग ठरलेले असतात, जांभळा १ टनाचा, हिरवा २ टनांचा. तुमच्या कामाला हिरवा घ्या. नायलॉनचा दोर ओढायला नको, तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. वायररोपच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, तुटला तर ते त्याला खाली पाडतं. ओढ चालू असताना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी नको, आणि वळलेल्या दोराच्या आतल्या कोपऱ्यात तर कधीच नको.

बोअरमधली मोटर काढायची तिपाई आणि चेनपुली गावात कुणाकडं तरी असतेच. एखादा गाठीचा तुकडा चिरता येत नसेल तर ती मागून आणा. एक टनी चेनपुलीला तीसेक किलोच्या ओढीनं टन उचलतो. काळ्या रानात तिपाईचे पाय रुतून एक बाजू खाली जाते, म्हणून प्रत्येक पायाखाली फळी द्या आणि तिन्ही पाय एकमेकांना साखळीनं बांधा.

बाभळीच्या ओंडक्यांना घरी दोन पाचरी आणि ५ किलोचा घण पुरे. कापलेल्या तोंडावर बारीक भेगा आलेल्या दिसतील, पाचर त्या भेगेतच आणि कडेपासून तीन-चार इंच आत लावा. मधोमध लावली तर जोर वाया जातो. पहिली पाचर निम्मी गेली की त्याच रेषेत दुसरी. पाचरीच्या डोक्याला घाव बसून कड फुलते, तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. ती कड ग्राइंडरवर वेळोवेळी घासून टाका. कुऱ्हाडीच्या पाठीनं पाचर मारू नका. आणि हो, व्हिडिओत दिसतो तो ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) फिरणारा शंकूसारखा स्क्रू घेऊ नका. मिनिटाला ५४० फेरे घेणारं टोक, समोर वाकलेला माणूस आणि धोतर, उपरणं किंवा पदर. यात चूक एकदाच होते.

बाभळीचा सरळ, बिनगाठीचा एखादा ओंडका दिसला तर मात्र तो चुलीत घालण्याआधी गावातल्या सुताराला दाखवा. दांडे आणि औतांसाठी बाभळीसारखं लाकूड नाही.

बहिणीचं जळतण आत्ता पाठवू नका. आत्ता तुम्ही १२ किलोमीटर पाणी वाहून न्याल. घरी फोडून, चार इंचांपेक्षा जाड फोड न ठेवता, पत्र्याखाली रचा. खाली दगडांचे थर देऊन जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे उधई लागत नाही, आणि भिंतीपासून हातभर लांब. बाभळीची साल निघेल तेवढी काढा, तिच्याखालीच किडा पीठ पाडतो. दसऱ्यापर्यंत चौथा हिस्सा वजन उतरलेलं असेल, आणि लग्नाच्या भट्टीत धूर न होता जळेल. ओला ओंडका पेटवून आचारी खोकत बसला की बहीण तुम्हालाच बोलणार.

तरी गाठीचे चार-दोन ओंडके न फुटता राहतीलच, ते ट्रॉलीत चढवायचे असतील तर १० फुटांच्या दोन जाड फळ्या घ्या. ट्रॉलीचा साटा (माल ठेवायचा तळ) साधारण ३ फूट उंच, मग १० फुटांच्या चढावर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जोर लागतो. त्यातही दोर लावला की तो निम्मा होतो: दोन दोरांची टोकं ट्रॉलीच्या पलीकडच्या कडेला बांधा, दोर साट्यावरून खाली आणा, ओंडक्याखालून घालून वरून परत ट्रॉलीवर न्या आणि वर उभं राहून दोघांनी सारखं ओढा. सव्वाशे किलोला प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा किलो येतात, आणि खाली कुणी उभंच नसतं. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली, ब्रेक लावलेला, चाकांना उटी, फाळका काढलेला. दोन चाकी ट्रॉलीत जड ओंडके आसाच्या थोडे पुढं ठेवा. मागं ठेवले तर हूक वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं पकड सोडतात.

रस्त्यावर निघण्याआधी एक कागद. झाडं तोडण्यावर बंधन घालणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या यादीत चिंच आहे. तुमची वादळानं पडली आहे, पण सरळ कापलेल्या तुकड्यांवर ते लिहिलेलं नसतं. म्हणून बुंधा कापण्याआधी, मुळं वर दिसताहेत तोवरच फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि वाहतुकीला परवाना लागतो का ते जवळच्या वनकार्यालयात विचारून ठेवा.

आणि हे सगळं पहिला मोठा पाऊस पडायच्या आत. भिजलेल्या काळ्या रानात भरलेला पाट घेऊन एकदा गेलात तरी चाकोरीखालची जमीन दाबून घट्ट होते, आणि त्या दोन पट्ट्यांत सोयाबीन वीतभरच राहतं. काही कारणानं राहिलंच, तर ओंडके बांधाला लोळवून ठेवा, पेरणी करून घ्या, आणि बाकीचं सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात आणा. मुळांचे खड्डे मात्र आत्ताच भरा, आणि भरताना वीतभर उंच ढीग ठेवा. पावसात तो बसतो.